रत्नागिरी शहर : अर्थव्यवस्था व हापूस आंबा

महाराष्ट्र राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व कोकण किनाऱ्यावरील बंदर. लोकसंख्या सु. ७६,००० (२०११). ते काजळी नदीच्या मुखाजवळ वसले आहे. शासकीय कचेऱ्या, मिरकरवाडा बंदरातील मासेमारी, नारळ-सुपारीच्या वाड्या, किरकोळ व्यापार आणि मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांकडून येणारा पैसा हे येथील उपजीविकेचे जुने आधार होत. शहराची ख्याती मात्र हापूस आंब्यामुळे झाली. फ्रान्समधील बॉर्दो शहराचे नाव जसे तेथील द्राक्षमद्याचे नाव झाले, तसे ‘रत्नागिरी’ हे बाजारात या फळाचे विशेषण बनले आहे.

आंब्याची कलमे बांधण्याची पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात रूढ केली. अफॉन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून ‘अल्फान्सो’ व त्याचा अपभ्रंश ‘हापूस’ अशी व्युत्पत्ती सामान्यतः सांगतात. रत्नागिरीच्या परिसरात जमीन जांभ्या दगडाची. सड्यावरील कातळ सुरुंगाने फोडून खड्डे करावयाचे, बाहेरून आणलेल्या मातीने ते भरावयाचे व त्यांत कलमे लावावयाची, असा हा खटाटोप आहे. येथील बागांना निसर्गाची देणगी म्हणणे पुरेसे नाही.

पावसाळ्यानंतर कोरडी थंडी पडली, की मोहोर चांगला येतो. ढगाळ हवेत तुडतुडे व भुरी यांचा उपद्रव वाढतो. झाड पुष्कळदा वर्षाआड भरघोस फळते. फळे मुख्यतः मार्च ते मे या काळात झेल्याने उतरवितात व पेंढ्याच्या अढीत पिकवितात. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाचा गर आतून पांढरट व आंबूस निघणे, म्हणजे साका, हा या जातीचा मोठा दोष होय. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही साकामुक्त जात १९८१ मध्ये प्रसारित केली. तथापि ग्राहकाची हापूसवरील निष्ठा तीमुळे ढळली नाही.

मालाचा मोठा भाग नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजारात जातो. अनेक लहान बागायतदार हंगामापूर्वीच बाग कराराने देतात किंवा आडत्याकडून उचल घेतात. त्यामुळे नावाच्या जोरावर मिळणारा वाढीव भाव त्यांच्या पदरी पडतोच असे नाही. शिवाय परप्रांतीय आंबाही याच नावाने खपविला जातो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे त्याच्या क्षेत्रात येतात. म्हणजे संरक्षण लाभले ते ‘हापूस’ या नावास व पाच जिल्ह्यांस मिळून. पेटीवरील ‘रत्नागिरी’ या शब्दामागे बाजारात आजही मुख्यतः विक्रेत्याची पतच असते.