तलावाची भिंत आणि उघडें पाणी

पोहणें, सायकल चालविणें व धावणें या तिहेरी शर्यतीस, म्हणजे ट्रायथलॉनला, ऑलिंपिक सामन्यांत इ. स. २००० मध्यें सिडनी येथें प्रवेश मिळाला. तींत १५०० मीटर पोहावयाचें असतें. ५० मीटरांचा तलाव तीस वेळां कापावा तेव्हां तेवढा पल्ला होतो. परंतु तलावांत भिंतीस पाय रेटतांच फुकटचा वेग मिळतो आणि तळावरची रेघ दिशा दाखविते. समुद्रांत यांपैकीं कांहींच नाहीं. म्हणून सरावांत कांहीं वेळां भिंतीस न शिवतां वळावें, अधूनमधून डोळे पाण्यावर काढून समोरची खूण पाहावी. पायांचे तडाखे बेतानेंच मारावे. त्याच पायांनीं पुढें ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धाव पुरी करावयाची असते. वडीलधाऱ्यांनीं मात्र एवढें पाहावें कीं, उघड्या पाण्यांतील पहिली उडी जाणत्या सोबत्यावांचून होऊं नये.