बंबाचा भोंगा आणि बंबातले कान

बालमित्रांनो, नगरपालिकेचा लाल बंब भोंगा वाजवत रस्त्यावरून निघाला की तुम्ही काय करता? आधी पळत दारात येता आणि मग दोन्ही कानांवर हात ठेवता. बरोबर ना? पंधरा-वीस सेकंदांत बंब दूर जातो, तुम्ही हात काढता, विषय संपला!

पण बंबात बसलेल्यांचं काय? भोंगा त्यांच्या डोक्यावर, टपावर असतो. तो त्यांच्याबरोबरच पुढे जातो. आणि कानांवर हात ठेवायला त्यांचे हात मोकळे कुठे असतात? एकाच्या हातात स्टिअरिंग, बाकीचे जाड कोट आणि शिरस्त्राण चढवण्यात गुंतलेले.

पूर्वी बंबावर पितळी घंटा असायची. (दिग्रसकरांना घंटा म्हटलं की आधी घंटीबाबाच आठवणार, पण ही घंटा वेगळी!) रस्त्यावर मोटारी वाढल्या, त्यांचे हॉर्न वाढले आणि घंटा कुणाला ऐकू येईना. मग भोंगे आले. आपलं साधं बोलणं सुमारे ६० डेसिबल असतं. भोंग्याजवळ हाच आकडा ११० ते १२० पर्यंत जातो.

आता एक गणित करू. वही काढा. तज्ज्ञ सांगतात की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल, त्याहून जास्त नाही. आवाज ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. असं करत ११२ पर्यंत या बरं. किती आलं? एक मिनिटसुद्धा नाही! आगीच्या जागी पोचायला बंबाला किती मिनिटं लागत असतील, ते तुम्हीच सांगा.

एवढ्या आवाजाने कानात होतं तरी काय? आपल्या कानात आत, गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात द्रव असतो आणि सुमारे १५ हजार केसाळ पेशी. या पेशींवर अगदी सूक्ष्म तंतू असतात. आवाज आला की द्रवात लाट उठते, वाऱ्याने गहू डुलावा तसे हे तंतू डुलतात आणि मेंदूला निरोप जातो. थोडा वारा असला तर गहू पुन्हा उभा राहतो. वादळ झालं तर आडवा होतो. मोठ्या आवाजानंतर कानांना दडे बसतात किंवा कुईऽऽ असा आवाज येत राहतो ना, तेव्हा समजावं, आपला गहू वाकलाय. पुन्हा पुन्हा वाकला की पेशी मरतात. आणि मेलेल्या पेशी माणसाला परत येत नाहीत. गंमत पाहा, कोंबडीला त्या परत येतात! आपल्याला नाही.

आगीच्या कामात अचानक होणारा धमाकाही असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा. चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासात दोन स्फोट झाले. त्यांचा हादरा शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच आठवणीत. असा स्फोट जवळ झाला तर कानाचा पडदा क्षणात फाटतो आणि ते लगेच कळतं. भोंग्याची इजा मात्र वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

नुसता भोंगाच नाही हं. आपल्या भागात जिनिंगमध्ये कापसाला आग लागते, ती काही तासाभरात विझत नाही. गाठ वरून भिजते आणि आत धुमसत राहते. तोवर पंप चालू ठेवावा लागतो आणि त्याच्या खडखडाटात एक माणूस तासन्‌तास उभा असतो.

हे वर्गात सांगत होतो, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मंग ते कानात बोळे काऊन नाही घालत?"

प्रश्न लाखमोलाचा! पण अडचण अशी की अग्निशामकाला ऐकावंही लागतं. धुरात डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा आत अडकलेल्या माणसाची हाक, छताची करकर, साथीदाराचा इशारा, सगळं कानांवरच. कान बंद केले तर हे कसं कळणार? आणि कान कायमचे गेले तर?

यावर उपाय आहेत. भोंगा टपावरून काढून पुढच्या बंपरपाशी बसवला आणि काचा बंद ठेवल्या की आतला आवाज बराच उतरतो. काही देशांत बंबात कान झाकणारे हेडफोन असतात. त्यांतून जवान एकमेकांशी बोलतात, पण भोंगा अडतो. पंपाजवळच्या माणसाला तर कर्णरक्षक सहज वापरता येतात. अमेरिकेत हजारो अग्निशामकांनी भोंगे बनवणाऱ्या कंपनीवर दावे लावले. भोंग्याने आवाज पुढे रस्त्याकडे फेकावा, मागे आमच्या कानांत कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. आणि हो, कापसाचा बोळा इथे फारसा कामाचा नाही. कापूस आपला असला तरी आवाज त्यातून आत जातोच. फोमचे बोळे हवेत.

पालकांसाठी थोडंसं. ही बहिरेपणाची सुरुवात ओळखायला अवघड असते. आधी बारीक, उंच आवाज जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण नीट कळत नाही. 'साप', 'ताप' आणि 'थाप' सारखेच वाटू लागतात. घरचे म्हणतात, "लक्षच नसतं यांचं!" घरात कुणी बंबावर, जिनिंगमध्ये किंवा बँडपथकात काम करत असेल आणि टीव्हीचा आवाज दरवर्षी थोडा थोडा वाढत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणचाचणी करून घ्यावी. ती दुखत नाही. कानाला हेडफोन लावतात, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच.

आणि मुलांनो, बंब येताना दिसला की सायकल पटकन कडेला घ्या. समोर वाट अडलेली असेपर्यंत चालकाला भोंगा बंद करता येत नाही.