मोटारीच्या मागच्या कमानी घरीं बदलतांना

मोटारींत माणसें किती बसावीं, हा प्रश्न कारखानदार एका रीतीनें सोडवितो व एकत्र कुटुंब दुसऱ्या रीतीनें. आमच्या धरमपेठेंतील घरीं १९९२ सालापासून असलेली ॲम्बॅसडर पांच माणसांची म्हणून घेतली होती. तींत सात मोठीं माणसें, मांडीवरचीं मुलें व फराळाचे डबे अशी यात्रा रामटेकास व अदाशास अनेकदां जाऊन आली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. गाडीचा मागचा भाग कायमचा बसला, व प्रत्येक गतिरोधकावर तिचें पोट खरडूं लागलें. आमच्या मातोश्रींना मणक्याचें दुखणें आहे. त्यांना मागच्या बैठकीवर बसवून डॉक्टरांकडे न्यावें, आणि तेथें पोंचेपर्यंत दुखणें दुप्पट व्हावें, असा प्रकार सुरू झाला तेव्हां आम्ही जागे झालों.

पहिला उपाय फसला. एका दुरुस्तीच्या दुकानांत आम्हांस सांगण्यांत आलें कीं, दोन्ही बाजूंच्या कमानींत दोन दोन जाड पाटे वाढवा, म्हणजे गाडी उचलेल. गाडी उचलली हें खरें, पण मातोश्री पहिल्याच फेरीनंतर म्हणाल्या, “अरे, यापेक्षां आपली रेंगी बरी होती. तिला निदान बैल तरी हळू चालत होते.” विदर्भांतील रेंगी किंवा दमणी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांस या वाक्याची धार कळेल.

चूक आमचीही होती. कारण कमान म्हणजे काय, हें आम्हीं समजूनच घेतलें नव्हतें. पोलादी पाटे एकावर एक रचून केलेली कमान घोडागाड्यांच्या काळापासून चालत आली आहे. इंग्लंडांत ओबडाया एलियट यानें १८०४ सालीं अशा कमानींचें पेटंट घेतलें. ॲम्बॅसडर मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या बांध्याची. बंगालमधील उत्तरपाडा येथें ती २०१४ पर्यंत होत असे. तिच्या पुढच्या चाकांस पीळ घेणाऱ्या सळया आहेत, परंतु मागचा आंस शेवटपर्यंत या पाट्यांवरच राहिला. पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. जाडी दुप्पट केली कीं ताठरपणा आठपट होतो. म्हणून दोन जाड पाटे घालणें म्हणजे डाळींत मीठ थोडें अधिक टाकणें नव्हे, डबाच उपडा करणें होय. शिवाय गाडी उचलणें व धक्का कमी करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उंची कमानीच्या वांकाची. धक्क्यानंतरचें हेलकावणें थांबविण्याचें काम शॉकॲब्सॉर्बरचें, आणि आमचे शॉकॲब्सॉर्बर तेल गाळून केव्हांच निकामी झाले होते!

तेव्हां जाड पाटे काढून मूळ मापाच्या नव्या कमानींची जोडी, रबरी बुश, यू-बोल्ट व नवे शॉकॲब्सॉर्बर आणावयाचे ठरलें. जोडी असें मुद्दाम लिहितों. एक कमान नवी व एक जुनी ठेवल्यास गाडी एका अंगास कलते. मूळ माप सोडूं नये याला दुसरेंही कारण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास आडकाठी करतें.

काम घरीं करण्याचा हट्ट आमच्या पुतण्याचा. तो यंत्रशास्त्राचा विद्यार्थी, आणि आम्ही त्याचे हमाल. नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून पहांटे पांचलाच अंगणांत मांडामांड केली. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीं तेल सोडून ठेवलें होतें. जॅक लावला, मागचीं चाकें उचललीं व काढलीं. हातब्रेक ओढलेला असल्यामुळें आम्ही निश्चिंत होतों.

आणि येथेंच घात होत होता. हातब्रेक मागच्याच चाकांना धरतो. तीं अधांतरीं झालीं कीं त्याचा कांहीं उपयोग नाहीं. पुढच्या चाकांस ठोकळे लावावयाचे आम्ही विसरलों होतों, आणि अंगणाच्या शहाबादी फरशीस मोरीकडे उतार. गाडी चार बोटें सरकली, जॅक कलंडला, आणि गाडीचा मागचा सगळा भार धाडकन् खालीं आला. काढलेलें एक चाक पुतण्यानें संवयीनें गाडीच्या कडेखालीं सरकवून ठेवलें होतें. तिनें त्यावर टेका घेतला. पुतण्याचा हात क्षणभरापूर्वी तेथेंच होता. पाना घेण्यासाठीं तो वळला म्हणून वांचला. वहिनी ओसरीवर चहा घेऊन उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत; कपबशा खालीं ठेवून आंत गेल्या. त्या दिवशीं काम बंद झालें.

आठ दिवसांनीं फिरून हात घातला, तो वहिनींच्या अटींवर. पुढच्या चाकांस दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे. जॅकवर विसंबून कोणी खालीं जावयाचें नाहीं. गाडीचा भार लोखंडी घोड्यांवर. विटांची थप्पी मुळींच नको, कारण वीट कांहींही सूचना न देतां फुटते. आंसाखालीं निराळा जॅक ठेवला, म्हणजे कमान सुटतांच आंस लोंबून ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाहीं. कमानीच्या मध्यावरील बोल्टाचें डोकें आंसाच्या भोंकांत नीट बसलें कीं नाहीं, हें आम्हीं तीनदां पाहिलें. तें चुकलें तर आंस तिरपा होऊन गाडी खेंकड्यासारखी चालते.

एक गोष्ट मात्र पुतण्याला ठाऊक होती व आम्हांस नव्हती. बुशांचे बोल्ट गाडी अधांतरीं असतांना आवळून टाकूं नयेत. चाकें जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या भारानें बसल्यावर मग शेवटचा आवळ द्यावा. नाहींतर रबर कायम पिळलेलें राहतें व लौकर फाटतें. बसलेल्या गाडीखालीं शिरून हें करणें कष्टाचें आहे, म्हणून पुष्कळजण टाळतात.

मातोश्रींना घेऊन प्रथम अंबाझरीपर्यंत गेलों. त्यांनीं एवढेंच विचारलें, “डॉक्टरांकडे मंगळवारीं जावयाचें आहे ना?” मागचा भाग वर आल्यामुळें दिव्यांचा झोत रस्त्यावर फार जवळ पडूं लागला होता, तो दुसऱ्या दिवशीं नीट करून घेतला. दोनशें किलोमीटर झाल्यावर यू-बोल्टांना पुन्हां पाना लावला. प्रत्येकानें पाव फेरा घेतला.