आधी फळी, मग पेटी

घरी आर्केड कॅबिनेट बांधायला निघालेला नवशिका बहुधा भलत्याच टोकाकडून सुरुवात करतो. तो आधी संगणकात शिरतो. रास्पबेरी पाय घ्यावा की माळ्यावरचा जुना लॅपटॉप चालेल, कार्डावर किती गेम मावतील, याच चर्चेत त्याचे दिवस जातात. प्रत्यक्षात तो भाग एखाद्या दुपारचा. बाकी सगळे काम सुताराचे, आणि त्यातही खरी कसोटी लागते ती वीतभर रुंदीच्या एका फळीवर. जॉयस्टिक आणि बटणे बसतात ती ही फळी. ती जमली तर साध्या खोक्यावरही माणूस तासभर खेळतो. ती फसली तर बाजूंना कितीही देखणी चित्रे चिकटवा, पेटीवर थोड्याच दिवसांत इस्त्रीचे कपडे येऊन बसतात.

एकाच पेटीत अनेक गेम ही कल्पनाच तशी अलीकडची. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मूळ मशीनमध्ये प्रत्येक गेमचा स्वतंत्र सर्किट बोर्ड असे. १९८५ मध्ये जपानमध्ये जामा हे ५६ पिनांचे जोडणीचे प्रमाण ठरले, तेव्हा कुठे बोर्ड बदलून त्याच पेटीत दुसरा गेम लावणे सोपे झाले. पुढे १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ हे एम्युलेटर प्रसिद्ध केले आणि त्या बोर्डांची नक्कल साध्या संगणकावर चालू लागली. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आला, आणि तो संगणक तळहातावर मावू लागला. आज घरगुती कॅबिनेटचा डोलारा उभा आहे तो या शेवटच्या दोन गोष्टींवर.

आपल्याकडे या छंदाची ओढ बहुतेकदा एकाच नावाने सुरू होते : मुस्तफा. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेम पार्लरमधल्या पोरांनी पिवळ्या टोपीच्या त्या चपळ पात्राच्या नावानेच ओळखला. पाटीवर काय छापले आहे, याची फिकीर कोणालाच नव्हती. आता चाळिशीत आलेल्या त्याच पोरांना घरात मुस्तफा हवा आहे. तर मग पेटीचा विचारही तिथूनच करावा. कोणता गेम खेळायचा ते आधी ठरवा, कारण फळी त्यावर ठरते. मुस्तफाला मारायचे एक आणि उडीचे एक, अशी दोन बटणे पुरतात. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला सहा लागतात : वर तीन गुद्दे, खाली तीन लाथा, डावीकडून उजवीकडे जोर वाढत जाणारा. १९८० च्या पॅक-मॅनला खेळ सुरू करण्याच्या बटणापलीकडे काहीच लागत नाही, नुसती दांडी. सगळेच हवे म्हणून फळीवर बटणांची गर्दी करणारा नवशिका शेवटी मुस्तफा खेळताना चौथ्या-पाचव्या बटणावर बोट आपटून चिडतो.

म्हणून अनुभवी माणसे प्लायला हात लावण्याआधी पुठ्ठा कापतात. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यायचा, त्यावर भोके पाडून खरी बटणे बसवायची, पुठ्ठा टेबलाच्या कडेला टेकवायचा आणि डोळे मिटून बोटे ठेवून पाहायची. बोटे सरळ रेषेत पडत नाहीत. मधले बोट पुढे जाते, करंगळीकडची मागे राहतात, म्हणून बटणांची रांग किंचित वळवावी लागते. दोघांनी एकदम उभे राहून पाहणे त्याहून महत्त्वाचे. कागदावर ऐसपैस वाटणाऱ्या फळीपुढे दोन मोठी माणसे उभी राहिली की कोपराला कोपर लागतो.

जॉयस्टिक उलटी करून पाहिली की निम्म्या अडचणी तिथेच समजतात. दांडीभोवती एक स्प्रिंग आणि चार बाजूंना चार मायक्रोस्विच. दांडी मधोमध टेकलेली असल्याने ती पुढे ढकलली की तिचे खालचे टोक मागे जाते आणि मागचा स्विच दाबते. हे लक्षात न घेता वायरी जोडल्या की पहिल्याच खेळात वर म्हटले की पात्र खाली जाते. तिरके ढकलले की दोन स्विच एकदम दाबले जातात. मारामारीच्या गेमना ते हवेच असते, पॅक-मॅनला मात्र तोच घोळ. तिथे वळणावर अंगठा जरा तिरपा गेला, दोन दिशा एकदम पोचल्या, की गडी भिंतीला लागून उभा आणि मागून भूत हजर. मूळ मशीनची दांडी चारच दिशांना चालत असे. काही जॉयस्टिकच्या तळाला चौकोनी भोकाची प्लास्टिकची चकती असते. ती काढून ४५ अंशांत फिरवून बसवली की भोकाचे कोपरे सरळ दिशांना येतात आणि तिरकी चाल आवळली जाते. स्क्रू ड्रायव्हरने होणारे हे काम ठाऊक नसल्याने कित्येक जण गेमलाच दोष देतात.

त्यानंतर प्रश्न येतो जाडीचा. फर्निचरला आपल्याकडे १८ मिमी प्लाय सर्रास वापरतात, आणि बाजूंसाठी तो उत्तम. फळीसाठी मात्र अडचणीचा. एवढ्या जाडीखाली जॉयस्टिक बसवली तर दांडी वर आखूड उरते आणि मुठीत नीट येत नाही. त्यामुळे खालच्या बाजूने राऊटरने खाच घ्यावी लागते, वर पाच-सहा मिमी लाकूड ठेवून. खटकन बसणारी जपानी पद्धतीची बटणेही पातळ पत्र्यासाठी किंवा अ‍ॅक्रिलिकसाठी बनवलेली असतात, जाड प्लायमध्ये त्यांच्या चिमट्यांना पकडच मिळत नाही. तिथे मागून नट आवळायची लांब मानेची बटणे घ्यावीत.

इथे नवशिका आणि सुतार समोरासमोर येतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आठ बाय चारचा प्लाय आणता येतो, पण नकाशा असतो मिलिमीटरमध्ये आणि सुतार बोलतो इंच-सुतात. जपानी धाटणीच्या बटणाचे भोक ३० मिमीचे. सुताराला ते सव्वा इंच वाटते. सव्वा इंच म्हणजे जवळपास ३२ मिमी, आणि तेवढ्या फरकाने बटण भोकात डुगडुगते. तेव्हा ३० मिमीचे होल सॉ स्वतःच विकत आणून सुताराच्या हातात दिलेले बरे. त्याला मात्र त्याची एक युक्ती करू द्यावी : वरून अर्धे भोक पाडायचे, मधल्या बिटाचे टोक पलीकडे निघाले की फळी उलटी करून उरलेले खालून पाडायचे. एकाच बाजूने आरपार गेले की मागच्या पदराच्या कपच्या उडतात. सनमायका आधी लावून घेतला असेल तर भोकांच्या जागी चिकटपट्टी लावून ड्रिल सावकाश फिरवावे. घाई केली तर सनमायक्याची कड फुटते आणि ती झाकायला बटणाची गोल किनार पुरत नाही.

खोक्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दोन बाजू एकावर एक ठेवून एकदम कापाव्यात, म्हणजे त्या तंतोतंत जुळतात. मागचे दार बिजागरीवर असावे, कारण ते वारंवार उघडावे लागते. हवा खेळायला भोके ठेवावीत. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत, पण जड, आणि पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत त्याच्या उघड्या कडा फुगतात. तिथे प्लायच बरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पुरुषभर उंचीच्या पेटीऐवजी टेबलावर ठेवायची छोटी पेटी करावी, हे आमचे स्पष्ट मत. तरीही मोठीच करायची असेल तर कापण्याआधी बेडरूमचे दार मोजावे.

पडद्यासाठी ऑफिसांतून निघालेले १९ इंची, ५:४ आकाराचे जुने एलसीडी मॉनिटर सर्वांत सोयीचे. बहुतेक जुने गेम ४:३ आकाराचे, त्यामुळे वर-खाली बारीकशी काळी पट्टी एवढीच काय ती तडजोड. पॅक-मॅनचा पडदा मात्र उभा आहे. तो या मॉनिटरवर रुंदीचा तीन-पंचमांश भागच व्यापतो. मग मॉनिटरच उभा करण्याचा मोह होतो. ते करण्याआधी एक पाहणी करावी. स्वस्त टीएन पॅनेल खालून पाहिले की काळवंडते. ते उभे फिरवले की तीच खोड आडवी होते आणि शेजारी-शेजारी उभ्या दोघांना दोन वेगळे रंग दिसतात. खऱ्या जुन्या रूपाच्या हौसेने पिक्चर ट्यूबवाला टीव्ही उघडण्याच्या फंदात नवशिक्याने अजिबात पडू नये. रंगीत ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो.

वायरिंगची लोकांना उगाच भीती वाटते. प्रत्येक बटण म्हणजे दोन टोकांचा स्विच, आणि सगळे स्विच येऊन मिळतात एन्कोडर नावाच्या छोट्या बोर्डाला. तो यूएसबीने संगणकाला जोडला की संगणकाला वाटते गेमपॅड लावला. सोल्डरिंगही लागत नाही, लग दाबून बसवायचे. फक्त ते विकत घेताना बटण सोबत न्यावे : जपानी धाटणीच्या बटणांना २.८ मिमीचे लग लागतात, अमेरिकन धाटणीच्या मायक्रोस्विचला बहुधा ४.८ मिमीचे. असल्या सुट्या भागांसाठी पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. काही एन्कोडरमध्ये ग्राउंडची एकच वायर एका बटणातून दुसऱ्यात अशी साखळीने फिरवतात. तिथे एका जागेपासून पुढची सगळी बटणे एकदम मेली तर बटणे बदलत बसू नये, त्या जागी साखळी सुटलेली असते.

विजेचे दोन नियम. रास्पबेरी पायला मोबाइलचा कुठलाही चार्जर लावू नये. विजेचा दाब कमी पडला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह येते आणि खेळ अडखळतो. दुसरे, बंद करताना मेनूतूनच बंद करावे. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्ड बिघडू शकते. आपल्याकडे वीज विचारून जात नाही, तेव्हा सगळे मनासारखे लागले की कार्डाची एक प्रत काढून पेटीतच चिकटवून ठेवावी.

गेमच्या फायलींबद्दल सरळ बोललेले बरे. मेम मोफत आहे, त्यावर चालणारे गेम तसे नाहीत. मुस्तफावर आजही हक्क आहेत, आणि ‘हजारो गेम भरलेले’ म्हणून बाजारात मिळणारे कार्ड त्या हक्कांना विचारून भरलेले नसते. पेटी नीट चालते का, हे तपासायला मेमच्या संकेतस्थळावर हक्कदारांच्या संमतीने ठेवलेले ‘ग्रिडली’ आणि ‘रॉबी रोटो’सारखे गेम आहेत. कॅपकॉमसारख्या कंपन्या आपल्या जुन्या आर्केड गेमचे संच संगणकासाठी विकतात, आणि तेही याच फळीवर खेळता येतात.

उरते ती सजावट. डोक्यावरची उजळणारी पाटी करायला लांब जावे लागत नाही. चौकातला वाढदिवसाचे फलक छापणारा दुकानदार मागून प्रकाश पडेल असे बॅकलिट फ्लेक्स छापून देतो. त्याच्या मागे एलईडीची पट्टी, पुढे अ‍ॅक्रिलिक. बटण दाबून क्रेडिट मिळत असताना नाण्याची खाच ही निव्वळ हौस, पण ती करणारे आहेत. स्वस्त यंत्रात एक नमुन्याचे नाणे आत अडकवून ठेवायचे असते, आणि टाकलेले नाणे त्याच्याशी जुळले तरच ते आत घेतले जाते. इथे रुपया गोंधळ घालतो. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिमी व्यासाचा होता, २०११ मध्ये तो साधारण २२ मिमीचा झाला. नमुना जुना ठेवला तर नवा रुपया खणकन परत येतो. तेव्हा ज्यांना रुपया टाकूनच मुस्तफा खेळायचा आहे, त्यांनी देवघरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांतले मोठे रुपये आत्ताच वेगळे काढून ठेवावेत.