पोटातलं पाणी कमी झालं तेव्हा



लेक बाळंतपणाला माहेरी येते ही आपली जुनी रीत. आमची लेक पहिल्या खेपेला तशीच अश्दोदला आली होती. टिपत हलावच्या फेऱ्या, शेजारणींचे सल्ले, सगळं ओळखीचं होतं. दुसऱ्या खेपेला मात्र जावईबापूंची नोकरी आणि नातवाची शाळा आड आली. मग माहेरच उठून लेकीकडे गेलं! म्हणजे आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी जर्मनीतल्या बॉबलिंगेनला जाऊन पोहोचलो.

बॉबलिंगेन हे श्टुटगार्टच्या शेजारचं गाव. श्टुटगार्ट आणि आपली मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. शेजारीच झिंडेलफिंगेनला मर्सिडीजचा मोठा कारखाना. गावाच्या मधोमध दोन तळी आहेत. संध्याकाळी लेकीला घेऊन त्यांच्या काठाने फिरायचं, हा आमचा नेम होता.

छत्तिसावा आठवडा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंना पोटाची वाढ थोडी कमी वाटली. त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "फ्रुख्टवासर कमी दिसतंय." जर्मनमध्ये गर्भजलाला असं म्हणतात. शब्दशः अर्थ ‘फळाचं पाणी’. शब्द गोड, पण ऐकून आमच्या पोटात गोळा आला.

घरी आल्यावर सहा वर्षांच्या नातवाने विचारलं, "आजी, बाळाकडे पाणी येतं कुठून? आई पिते तेच का?"

बालमित्रांनो, हाच प्रश्न आम्हीही हेबामेबाईंना विचारला. हेबामे म्हणजे सुईण. जर्मनीत प्रत्येक बाळंतपणाला सुईण हजर असलीच पाहिजे, असा कायदाच आहे. पुढे बारा आठवड्यांपर्यंत ती घरी येऊन आई-बाळाला बघून जाते. त्यांनी सांगितलं ते असं. बाळ आईच्या पोटात पाणमोटेत असतं. शेवटच्या महिन्यांत त्यातलं बरंचसं पाणी म्हणजे बाळाची स्वतःची शू! बाळ तेच पाणी गिळतं आणि पुन्हा शू करतं. हे चक्र रात्रंदिवस चालू असतं. हे ऐकून नातू इतका हसला की खुर्चीवरून खाली पडला.

चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे पाणी सर्वांत जास्त, म्हणजे साधारण ८०० मिलिलिटर असतं. नऊ महिने पूर्ण होईपर्यंत ते ६०० च्या आसपास येतं. म्हणजे शेवटी थोडं घटणं हा निसर्गच आहे. या पाण्यामुळे बाळाला हातपाय हलवायला जागा मिळते, नाळ दाबली जात नाही आणि फुप्फुसं नीट वाढतात. ते फार घटलं तर कारण शोधावं लागतं. कधी पाणमोट झिरपत असते, कधी वार थकलेली असते, कधी आईचा रक्तदाब वाढलेला असतो, कधी बाळाच्या मूत्रपिंडाचा दोष असतो, तर कधी दिवस उलटून गेलेले असतात. औषधाचंही कारण असू शकतं. विसाव्या आठवड्यानंतर आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेतली तर बाळाची लघवी आणि पर्यायाने पाणी कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तसा इशारा दिला. कंबर दुखली की लेकी-सुनांना आपली गोळी काढून देणाऱ्या आज्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मोजमापाची गंमत. ठाण्याच्या मावशींचा फोन आला, "इंडेक्स किती आला?" ही एक रीत. पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याची खोली मोजायची आणि बेरीज करायची. पाच सेंटीमीटरच्या आत आली तर पाणी कमी. दुसऱ्या रीतीत फक्त सर्वांत खोल डोह बघतात. तो दोन सेंटीमीटरहून कमी नको. लेकीचा डोह २.२ भरला, म्हणजे अगदी काठावर. या दोन रीतींची तुलना जर्मनीतच चार इस्पितळांत हजाराहून जास्त बायकांवर झाली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. बेरजेच्या रीतीने ९.८ टक्के बायकांना ‘पाणी कमी’ ठरवलं गेलं, डोहाच्या रीतीने फक्त २.२ टक्क्यांना. बेरजेच्या रीतीत कळा आणवण्याचं प्रमाणही वाढलं, पण बाळांची तब्येत काही अधिक चांगली निघाली नाही. तेव्हा एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून घाबरण्यात अर्थ नाही.

आम्ही मात्र उपायांची रांग लावली. नारळपाणी आणलं, सरबतं केली, पेज केली. हेबामेबाई म्हणाल्या, पाणी भरपूर प्यावं, नुकसान नाही. आई दोनेक लिटर पाणी प्याली की पोटातलं पाणी थोडं वाढलेलं दिसतं, असं प्रयोगांत आढळलंय. पण तेवढ्याने सगळं सुरळीत होतं असं नाही, म्हणून तपासणी चुकवायची नाही. आता आम्ही पडलो शनिवार तेल्यांचे वंशज, प्रत्येक दुखण्यावर आम्हाला तेल आठवतं. आम्ही हळूच एरंडेलाचं नाव काढलं. त्यांनी हात जोडले, "घरी तर मुळीच नको!"

आठवड्यातून दोनदा तपासणी ठरली. सीटीजीवर बाळाचे ठोके, डॉपलरने नाळेतला रक्तप्रवाह आणि पाण्याचा डोह. घरी काम एकच, बाळाची हालचाल बघायची. ते नातवाने अंगावर घेतलं. जेवण झालं की आई डाव्या कुशीवर पडायची आणि हा कागदावर रेघा मारायचा. दोन तासांत दहा हालचाली हा ढोबळ नियम. पण आकड्यापेक्षा आपल्या बाळाची रोजची सवय ओळखणं मोठं.

अडतिसाव्या आठवड्यात एका रात्री कागदावर तीनच रेघा होत्या. नातू म्हणाला, "आज बाळ खेळतच नाही." आणि आम्ही काय म्हणालो? "दिवस भरत आले की बाळं शांत होतात. झोपू दे, सकाळी बघू." चार बाळंतपणं केलेल्या आजीचं बोलणं! पण लेकीने ऐकलं नाही. फोन केला, पिशवी उचलली आणि दोघं इस्पितळात गेली.

तिथे डोह १.६ वर आला होता. ठोके मधूनमधून उतरत होते. डॉक्टरांनी थांबू नका म्हणून सांगितलं आणि कळा आणण्याचं औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली, दोन किलो ७०० ग्रॅमची. पहिल्याच रडण्याने खोली दणाणली. बारूख हाशेम!

दिवस भरत आले की बाळ हलायचं कमी होतं, हा समज चुकीचा आहे, असं हेबामेबाईंनी आम्हाला नंतर शांतपणे सांगितलं. जागा कमी झाल्यामुळे हालचालीची तऱ्हा बदलते, पण हालचाल कमी व्हायला नको. कमी वाटली, पाणी झिरपू लागलं, त्याला हिरवट रंग आला किंवा रक्त दिसलं, तर रात्र असो की सणाचा दिवस, लगेच निघायचं. फुकट फेरी झाली तरी कोणी रागावत नाही.

आम्ही ओशाळलो, हे कबूल करतो. आज्यांनो, आपलं शहाणपण पेजेत, तेलाच्या मालिशीत आणि धीर देण्यात वापरू या. पण लेक "मला बरोबर वाटत नाही" म्हणाली, तर तिला झोप म्हणू नका, चप्पल घाला आणि तिच्याबरोबर निघा.

तीन रेघांचा तो कागद लेकीने जपून ठेवला आहे. नातू येईल त्याला सांगतो, "बहिणीला मी आणलं." आम्ही त्याला खोडून काढत नाही.