घरापासून कारखान्यापर्यंत

भोरमध्ये राजवाड्याकडे जाणाऱ्या बोळात वकीलबाईंची खोली आहे. जानेवारी 2026 मधली सकाळ, अंगातली थंडी अजून गेलेली नाही, आणि टेबलासमोरच्या बाकावर वेल्ह्याकडची माणसं दाटीने बसली आहेत. तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालं, तरी बाकावरची आई 'आम्ही वेल्ह्याची' असंच सांगते. तिच्या शेजारी सून, पलीकडे चुलते, आणि दाराशी, बसू की निघू अशा बेतात, मुलासोबत कामाला असलेला एक पोरगा.

मुलगा पंचवीस वर्षांचा होता. खेड शिवापूरच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर काम करायचा. सप्टेंबरात, गणपती गेल्यावर, पहाटे मोटरसायकलवरून पहिल्या पाळीला निघाला आणि नसरापूरच्या अलीकडे ओल्या रस्त्यावर गाडी घसरून मोरीच्या कठड्यावर आदळला. दुसरं वाहन नव्हतंच, त्यामुळे मोटार अपघाताचा दावा लावायचा तर कुणावर लावायचा? वर्कशॉपमध्ये सात माणसं. दहाच्या आत, म्हणून ईएसआयही नाही. उरतो तो मालक, आणि मालकाने उतरवलेला कामगार नुकसानभरपाईचा विमा.

विमा कंपनीचं पत्र बाई मोठ्याने वाचतात. अपघात कारखान्याच्या आवारात झालेला नाही, मयत त्या वेळी कामावर नव्हता, सबब दावा देय नाही.

"कामावं नव्हता तर मंग पाटंचा कुठं निघालता?" आई विचारते.

बाई पत्र खाली ठेवतात. "मावशी, हाच प्रश्न कोर्टाने विचारलाय. आणि उत्तर तुमच्या बाजूचं दिलंय."

मग त्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका पहारेकऱ्याची गोष्ट सांगतात. साखर कारखान्यात रात्री तीनची पाळी. 22 एप्रिल 2003 ला तो मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी घरच्यांना 3,26,140 रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी अपिलात गेली, आणि अपघात रस्त्यावरचा आहे, नोकरीतला नाही, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो निकाल फिरवला. 28 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचाच निकाल पुन्हा कायम केला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल, तर नोकरीतलाच धरायचा.

"बावीस वर्षं," चुलते म्हणतात. बाकी कुणी काही बोलत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर ही गोष्ट थेट कलमातच आली आहे. हा अपघात त्याआधीचा, म्हणून याला 1923 चाच कायदा. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. भोर-वेल्ह्यातून शिरवळला, खेड शिवापूरला रोज जाणाऱ्या पोरांच्या नोकरीतला सगळ्यात धोक्याचा भाग मशिनपाशी नसतो. तो विंझर, मार्गासनी, आंबवणे, नसरापूर या अंधाऱ्या रस्त्यावर असतो, पुढे चेलाडी फाट्यावरून हमरस्त्याला लागताना असतो. इतकी वर्षं तेवढा रस्ता कायद्याच्या हिशेबात धड नव्हताच.

पण बाईंचा चेहरा निवांत नाही. कारण आता दुसरंच सिद्ध करायचं आहे: पोरगा तिथे नोकरीला होता. अपघाताचे कागद आहेत. राजगड पोलीस ठाण्याचा पंचनामा आहे, शवविच्छेदनाचा अहवाल आहे. नोकरीचा मात्र एकही नाही. पगार पाकिटातून रोख. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, ओळखपत्र नाही. विम्याचा हप्ता पगाराच्या बेरजेवर ठरतो, म्हणून मालकाने पॉलिसीत सातांपैकी चारच माणसं दाखवली, आणि पगार नऊ हजार. पोरगा घरी साडेचौदा हजार आणायचा.

बाई कॅल्क्युलेटर पुढे ओढतात आणि आकडा सुनेला दिसेल असा धरतात. मृत्यू असेल तर मासिक पगाराच्या निम्मे, गुणिले वयाचा गुणक. पंचवीस वर्षांना गुणक 216.91. साडेचौदा हजार धरले तर 15,72,597 रुपये 50 पैसे. नऊ हजार धरले तर 9,76,095. सून दोन्ही आकडे ओढणीच्या टोकाशी चाळा करत वाचते आणि पहिल्यांदाच तोंड उघडते. "मधले सहा लाख कुणाकडं ऱ्हातात?"

या प्रश्नाला खोलीत उत्तर नाही. कायद्याने धरायचा पगार 2020 पासून पंधरा हजारांवर थांबवलेला आहे. वीस हजार मिळवणाऱ्याच्या घरालाही पंधरावरच मोजणार. त्या मर्यादेच्या आतला पगारही खोटा दाखवून खाली ओढायचा, हे मला सहन होत नाही.

चुलते पिशवीतून एक घडी केलेला स्टॅम्पपेपर काढतात. तेराव्याला मालक आला होता. पन्नास हजार रोख दिले आणि 'यापुढे काही मागणे नाही' असं लिहून आईचा अंगठा घेतला. चुलत्यांना वाटतंय, सगळं इथेच संपलं. बाई कागद वाचतात आणि फाइलला लावतात. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हातात देऊन भागत नाही. ती आयुक्तांकडे जमा करावी लागते आणि तेच वारसांत वाटतात. हक्क सोडल्याचा असला करार कायद्याला मान्य नाही. महिन्याच्या आत पैसे जमा केले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. मुद्दल आणि व्याज सहसा विमा कंपनी भरते. दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो.

"हेल्मेट नव्हतं," चुलते हळूच सांगतात. "कंपनीचा माणूस दोनदा तेच विचारत व्हता."

"मृत्यूच्या दाव्यात त्याचं काही चालत नाही. विचारू द्या."

आता सगळे दाराकडे बघतात. त्या पोराच्या फोनवर वर्कशॉपचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे. तो फोन पुढे करतो, पण हातातून सोडत नाही. अपघाताच्या आदल्या रात्री सुपरवायझरने लिहिलंय, उद्या लवकर या, माल भरायचा आहे. त्याखाली मयताचा अंगठा. बाई म्हणतात, हा मेसेज कोर्टात चालवायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, त्यावर फोनवाल्याची सही लागेल, आणि उद्या उलटतपासणीलाही यावं लागेल.

"मला काढून टाकतील, मॅडम."

बाई त्याला उगाच धीर देत नाहीत. टाकू शकतात, म्हणतात. त्या त्याला आठवडाभर विचार करायला सांगतात. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. कायदा कितीही चांगला झाला तरी त्याचा पुरावा अशाच एका पोटाला चिमटा बसणाऱ्या माणसाच्या खिशात असतो, आणि त्याला सांभाळणारं कुणी नसतं.

कंपनीच्या माणसाने आणखी एक विचारलंय. गाडीला दुधाची किटली होती, म्हणजे पोरगा दूध घालायला निघाला होता ना? कामावर कुठे?

"रोजच घालायचा की," आई म्हणते. "डेअरी वाटंवच हाय. दूध घालायचं, म्होरं कामाला जायाचं. सांजच्याला रिकामी किटली घिऊन यायाचा."

बाई कोऱ्या कागदावर रस्ता काढतात. गाव, डेअरी, मोरी, नसरापूर, फाटा. आईला बोट ठेवून दाखवायला सांगतात. डेअरी मोरीच्या अलीकडे आहे, रस्त्याला लागूनच. वळून आत कुठे जावं लागत नाही.

"किटली सापडली तेव्हा भरलेली होती का रिकामी?"

चुलते पंचनाम्याच्या प्रतीत शोधतात. चौथ्या ओळीत आहे: एक ॲल्युमिनियमची रिकामी किटली, चेपलेली.

"म्हणजे दूध घालून झालं होतं आणि तो पुढे निघाला होता." बाई त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतात. "डेअरीत दूध घेतल्याची पावती मिळते. त्या दिवसाच्या पावतीवर वेळ आहे का बघा. नसेल तर त्यांच्या रजिस्टरची नक्कल आणा, सचिवाची सही आणि शिक्का घेऊन."

डेअरी संध्याकाळी पाचला उघडते. चुलते घड्याळ बघतात, आईला उठवतात आणि वेल्ह्याची एसटी गाठायला स्टँडकडे निघतात. सून मागे राहून वकीलपत्रावर सही करते. दाराशी उभा असलेला पोरगा तिला विचारतो, येत्या सोमवारी तुम्ही परत येणार का, आणि तिने हो म्हटल्यावर बाईंचा नंबर आपल्या फोनमध्ये लिहून घेतो.