लाल मातीचे अलिखित कायदे

विष्णुपुरीवरून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. तेथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यात कुस्त्यांचा जो फड रंगतो, त्याला मॅटवरील कुस्तीसारखी गुणांची कोष्टके लागत नाहीत. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली की कुस्ती चीतपट, म्हणजेच निकाली झाली, हाच तेथील मुख्य नियम असून बाकीचे बरेचसे संकेताने चालते. जोड लावताना, म्हणजे कोणी कोणाशी लढायचे हे ठरवताना, पंचांची नजर आणि वस्तादांचा शब्द प्रमाण मानला जातो. एका तालमीतले दोन मल्ल सहसा एकमेकांसमोर उभे केले जात नाहीत, आणि नावाजलेल्या पैलवानाने कोवळ्या पोराशी जोड मागणे कमीपणाचे समजले जाते.

या संकेतांचे मर्म एका साध्या कृतीत दिसते. सलामी देऊन हात मिळवल्यावर आणि पुढे घामाने अंग निसरडे झाल्यावर मल्ल मूठभर माती उचलून प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर, दंडांवर टाकतो, आणि प्रतिस्पर्धीही ती मुकाट्याने टाकू देतो. आपल्याला पकडता यावे यासाठी समोरच्याला दिलेली ही संमतीच होय. तिच्यावाचून झुंज होऊ शकेल, पण कुस्ती होणार नाही. बोट पिरगाळणारा किंवा डोळ्याकडे हात नेणारा मल्ल पंचांच्या नजरेतून एखादे वेळी सुटतो, परंतु त्याची कीर्ती त्याच्या आधी पुढच्या जत्रेत पोहोचते आणि तेथे त्याला चांगली जोड मिळणे अवघड होते.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळातही अशा संकेतांना मोठे महत्त्व आहे. मोठी आघाडी असताना आणखी धावा ओरबाडू नयेत, चेंडू मैदानाबाहेर टोलवल्यावर बॅट भिरकावून मिरवू नये, असे ते संकेत आहेत. 17 ऑगस्ट 2020 रोजी सॅन दिएगोच्या फर्नांडो तातिस या तरुण खेळाडूने सात धावांची आघाडी असतानाही, प्रघातानुसार सोडून द्यायचा चेंडू टोलवून एका फटक्यात चार धावा मिळवल्या. त्यावर टेक्सासच्या पुढच्या गोलंदाजाने पहिलाच चेंडू पाठोपाठ आलेल्या फलंदाजाच्या पाठीमागून फेकला. नियमभंग कोणताही झाला नव्हता, तरी शिक्षा देण्याचा प्रयत्न झाला, आणि तोही दुसऱ्याच खेळाडूला. ऑगस्ट 1920 मध्ये रे चॅपमन हा खेळाडू डोक्याला चेंडू लागून दुसऱ्या दिवशी दगावला होता. तो चेंडू मुद्दाम मारल्याचे सिद्ध झाले नाही, तरी अशा फेकीत काय पणाला लागते हे त्यावरून कळते.

येथे दोन प्रकारच्या संकेतांत भेद करणे आवश्यक आहे. मातीचा संकेत प्रतिस्पर्ध्याच्या शरीराची आणि सामन्याच्या बरोबरीची काळजी वाहतो, तर बेसबॉलचा हा बदल्याचा संकेत हरणाऱ्याचा अहंकार जपण्यासाठी दुसऱ्याचे शरीर धोक्यात घालतो. पहिला जपावा आणि दुसरा निःसंकोचपणे टाकून द्यावा, कारण जुनेपणा हे कोणत्याही प्रथेचे समर्थन ठरू शकत नाही.

मातीच्या याच संकेतांत वाढलेला मल्ल लिखित नियमांच्या आखाड्यातही मागे पडत नाही. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार मातीत घडले आणि 1970 साली एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. मातीत कमावलेले अंग आणि डाव मॅटच्या लिखित नियमांतही टिकतात, याचे लातूरकरांना याहून मोठे उदाहरण नको.

मातीच्या संकेतांनाही काळी बाजू आहे. नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली लढत, तोंडी व्यवहाराच्याच आडोशाने होते. तेथे लिखित नियमापेक्षा प्रेक्षकांचे ज्ञान अधिक उपयोगी पडते: मातीला सरावलेल्या माणसाला डाव खरा लागला की लावून घेतला हे चटकन कळते, आणि फडातून आरडाओरडा सुरू झाला की पंचांनाही कुस्ती सोडवून इनाम रोखण्याचे बळ मिळते.